एका नावाची दोन मृत्युपत्रं

सौंसरला आत्याच्या घरी, शेजारच्या चार बायांसमोर, मी आजोबांचं मृत्युपत्र म्हणून जो कागद वाचून दाखवला तो आजोबांचा नव्हता.

राज्य बदललं तो हिवाळा. आमचा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. पांढुर्ण्याच्या बाजारात कापूस आता कुठे जाईल याची चर्चा चालायची. आत्याची काळजी वेगळी होती. नागपूरच्या कोर्टातले आमच्या जिल्ह्यातल्या दाव्यांच्या कागदांचे बस्ते जबलपूरला निघाले होते, आणि त्यातल्या एकात तिच्या वडिलांचं मृत्युपत्र होतं.

आत्या लवकर विधवा झाली आणि सौंसरला मुलींच्या शाळेत नोकरीला लागली. आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि तसेच गेले. पुढे त्यांच्या मृत्युपत्रावरून माझे वडील आणि काका भांडले, अपील नागपूरपर्यंत पोचलं. वडिलांना त्या कागदातलं रामाकोना गावचं वावर तेवढं आठवायचं. बाकीचं वकिलाला माहीत. आत्याला वाटणी नको होती.

"माह्यं नाव त्यात हाय का, अन् कसं हाय, येवढंच पाहून ये," ती म्हणाली.

आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे घराण्यात दोनच नावं आलटून पालटून चालत आली. कागदावर मी आणि आजोबा एकच माणूस, बापाच्या नावासकट. नकलेचा अर्ज पाहून नागपूरच्या कोर्टातल्या कारकुनाने चष्मा वर केला.

"मयत तुम्हीच, आणि नक्कलही तुम्हालाच पाहिजे?"

मी समजावलं. तो आत जाऊन आला. "या नावाची दोन मृत्युपत्रं आहेत. एक नवं, एक पुराव्यात लावलेलं जुनं. कोणतं देऊ?"

"जुनं द्या," मी म्हणालो. जुनं ते अस्सल आणि नवं ती त्याची नक्कल, असा कायदा मी तिथल्या तिथे केला. आजोबांना आजोबा होते आणि तेही याच नावाचे होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नक्कल हाती आल्यावर ती आधी वाचावी, हेही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की सगळ्यांसमोर पहिल्यांदा उघडून वाचली तर रंग चढेल. आत्याने चहा ठेवला होता. मी घसा साफ करून सुरुवात केली. देवाचं स्मरण झालं, शुद्धीवर असल्याची ग्वाही झाली, आणि मग आलं: "मुलगी माझ्या हुकमाबाहेर वागली. तिने माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नये व मेल्यावर तोंड पाहू नये."

आत्याच्या हातातली बशी कलली. चहा लुगड्यावर सांडला, तिने तो पुसला नाही. शेजारणी जमिनीकडे पाहू लागल्या. तिथे थांबायचं कळण्याइतका मी शहाणा नव्हतो. आवाज जरा गंभीर करून पुढे वाचलं: "माझ्या दोन्ही हयात बायकांनी एका चुलीवर राहावे."

"थांब गा," आत्या म्हणाली. "दोन बायका? माही माय तं एकटीच होती."

"दोनच लिहिलंय."

"संत्र्याचा बगीचा कुठं हाय त्याच्यात? बाबानं सोता लावला होता." मी शोधलं. संत्र्याचं एक झाड नव्हतं. वर जुन्या काळातलं फसली सन होतं, ते मी आत्ता पाहिलं. "हा माह्या बापाचा आजा होय, पोट्ट्या! दोन बायकांचा तोच होता," आत्या म्हणाली. मग तिने बशी खाली ठेवली.

मी पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा बस्ता जबलपूरला गेला होता. इटारसीवरून तिथे गेलो, अर्जात या वेळी 'नवे' हा शब्द अधोरेखित केला, आणि परतीच्या गाडीत नक्कल दोनदा वाचली. आत्याविषयी एक ओळ होती: "मुलगी नोकरी करून आपले पोट भरते, तिला माझ्याकडून काही देण्याची गरज नाही."

सौंसरला पोचलो तेव्हा त्याच शेजारणी बसल्या होत्या. आत्याने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन वाचला.

"गरज नाही," ती पुटपुटली. मग शेजारणींकडे वळून मोठ्याने म्हणाली, "नोकरी करून आपलं पोट भरते, म्हने. बाबानं लिहून ठेवलं, कोर्टाच्या कागदात." तिने पदराने नाक पुसलं आणि कागदाची घडी घातली.

मला राहवलं नाही. "आत्या, सगळ्यांना एकदा नीट वाचून दाखवू का?"

"काही नको," ती म्हणाली. "तू वाचाले बसला का माणसाचा बाप बदलते."