तारीख सांगायची नाही

"खाली बस," जेलरसाहेब म्हणाले.

शेजारी खुर्ची रिकामी होती. माझीच खुर्ची. तीन वर्षं तिच्यावर बसून मी त्या ऑफिसचं काम केलं होतं. पण त्या दिवशी बाहेरून समिती आली होती. कोणत्या कैद्यांना वेळेआधी सोडायचं, याची शिफारस ती करणार होती. मी फरशीवर उकिडवा बसलो. वय एक्कावन्न, डावा गुडघा दुखरा. टेबलाखाली चार जोडी बूट दिसत होते.

बाळारामची फाइल निघाली. हा आंबिवलीकडचा म्हातारा, भाऊबंदकीच्या मारामारीत जन्मठेप लागलेला. याचे किती राहिले, असं समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं. जेलरसाहेबांनी पानं उलटली आणि तीन वर्षं सांगितली.

तीन वर्षं नव्हती. मी खालूनच बोललो, "अकरा महिने, साहेब. त्याची शेतीकामाची माफी धरलेली नाही."

चौघेही वाकून टेबलाखाली बघायला लागले. हा कोण, असं गृहस्थांनी विचारलं.

"कैदीच आहे. फायली उचलतो," जेलरसाहेब म्हणाले.

मी कशासाठी आत आहे तेही त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "हिशेब पक्का आहे रे तुझा. माणूस मारलास तोही मोजूनच का?"

सगळे हसले. सगळ्यात आधी जेलरसाहेब. आणि मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

मी कशासाठी आत होतो ते सांगतो, लपवायचं नाही. ठाण्याजवळ दिवा गावात आम्ही राहायचो. तिथे आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला होता. पाइप आधी कुणाच्या पिंपात, यावरून वाद झाला. मी शेजाऱ्याला ढकललं. तो पायरीवर पडला आणि चौथ्या दिवशी गेला. मला सात वर्षं लागली. ती मला मान्य होती आणि आजही आहे.

त्याआधी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं. एक नट कमी भरला तर घरी जात नसे. तुरुंगात हे कळलं आणि मला ऑफिसात घेतलं. काम माफीचं. चांगली वागणूक आणि केलेलं काम यांबद्दल शिक्षेतून दिवस वजा होतात, त्याला आत माफी म्हणतात. प्रत्येकाचे दिवस मी मांडायचे, सही साहेबांची. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "तू फक्त काम कर. तुझी तारीख माझी जबाबदारी."

अट एकच होती. कुणाला त्याच्या सुटकेची तारीख सांगायची नाही. सांगितली की डोक्यावर बसतात, असं त्यांचं म्हणणं.

मी ती अट पाळली. काटेकोर पाळली. माणसं नळावर गाठायची, जेवणाच्या रांगेत गाठायची. मी म्हणायचो, साहेबांना विचार. बाळाराम तर दर रविवारी विचारायचा. त्याची शेतीकामाची माफी राहिलीय हे मला दोन वर्षं आधीच दिसलं होतं. मी चिठ्ठी लिहून साहेबांपुढे ठेवली. ते म्हणाले, बघू. माझं काम झालं, असं मी समजलो.

समिती गेली. बाळारामची फाइल 'फेरतपासणीसाठी' परत आली. मला कुणी काही बोललं नाही. मी आपला माझ्या तारखेकडे डोळे लावून होतो. बायकोला भेटीत ती सांगून ठेवली होती. मंगळवार, सकाळी दहा.

त्या मंगळवारी ती नऊलाच गेटवर आली. पिशवीत माझा इस्त्री केलेला शर्ट. दहा वाजले. बारा वाजले. चार वाजता आतून निरोप गेला की आज सुटका नाही. पुढच्या भेटीत जाळीपलीकडून ती एवढंच म्हणाली, "तुमचा हिशेब कधी चुकत नाही, म्हणून मी कुणाला विचारलंसुद्धा नाही."

त्या मंगळवारीच मी ऑफिसात गेलो होतो. साहेबांनी वही फिरवून माझ्यापुढे केली. समितीसमोर उद्धट वर्तन. माफीतून एकेचाळीस दिवस कमी. खाली छापील ओळ, 'कैद्यास समजावून सांगितले', आणि तिच्यापुढे एक निळा अंगठा.

मी बी.कॉम. आहे. आत आल्यापासून कुठल्याही कागदावर मी अंगठा दिलेला नाही. मी सही करतो.

"साहेब, हा माझा नाही."

त्यांनी वही मिटली. पुढच्या महिन्यात समिती पुन्हा येणार आहे, तक्ते तयार करायला घे, म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "खाली बस."

मी बसलो नाही. तक्ते करणार नाही, असं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं.

बराकीत आलो आणि आधी बाळारामकडे गेलो. त्याला त्याचे अकरा महिने सांगितले. आता दहाच उरले होते.

"तुला ठाव व्हता?"

"होतं."

"कवापासून?"

"दोन वर्षं."

तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्याने. मला फसवलं गेलं हे खरं, पण फसवणुकीचा तक्ता तीन वर्षं मीच आखून देत होतो. साहेबांच्या हातातली काठी म्हणजे ती न सांगितलेली तारीख. ती मीच तासून दिली होती.

पुढच्या एकेचाळीस दिवसांत मी बावन्न माणसांना त्यांच्या तारखा सांगितल्या. नुसत्या सांगितल्या नाहीत. बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं. कामाचे किती, वागणुकीचे किती, कशाचे कापतात, कापले तर लेखी काय मागायचं. साहेबांनी मला संडास धुवायला लावलं. मी धुतले आणि धुता धुता शिकवलं.

सुटून आता आठ महिने झाले. जुन्या कारखान्याने घेतलं नाही, एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलोय. रविवारी दिव्याच्या खोलीत आतल्यांच्या घरची माणसं येतात. मी तक्ता मांडतो आणि त्यांच्याकडून दुसऱ्यांदा मांडून घेतो. बाळारामची सून तिसऱ्या रविवारी शिकली. त्याच्या शेतीकामाच्या माफीचा अर्ज तिने स्वतः लिहिला.

ज्याला मी ढकललं त्याचा देणेकरी मी मरेपर्यंत आहे. ते सात वर्षांत फिटलेलं नाही. पण कोर्टाने सात वर्षं सांगितली होती आणि त्यात माझी माफी मी कमावली होती. हे एकेचाळीस दिवस कुणाच्या रागाचे होते. ते परत मिळत नाहीत, भरपाई मला नको.

माहितीच्या अधिकारात वहीच्या त्या पानाची नक्कल मिळाली आहे. पुढच्या सोमवारी ठाण्याला माझ्या तक्रारीवर सुनावणी आहे. तिथे खुर्ची असली तर खुर्चीवर बसेन, नसली तर उभा राहीन. खाली बसणार नाही. ते पान टेबलावर ठेवीन, शेजारी माझा अंगठा उमटवलेला कोरा कागद ठेवीन आणि एकच प्रश्न विचारीन. हा अंगठा कुणाचा? उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक तारखेला जाईन.