करंगळीच्या मापाचा कटर

आमच्या घरात काही तुटलं, अडकलं किंवा गंजलं की माझ्या नावानं हाक यायची. मोटारीची वायर, दाराचा कोयंडा, झोक्याची साखळी, सगळं माझ्याकडे. नवऱ्याच्या हातात हातोडी दिली तर खिळा सोडून बोट सापडायचं. सासऱ्यांचं म्हणणं, शेतीवाल्यानं शेतीच करावी, बारीकसारीक ठोकाठोकी त्याचं काम नव्हे. म्हणून तार, सळई, साखळी कापायचा एक छोटा कटर आपल्याकडे असावा हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. वसमतला गेलं की हार्डवेअरच्या दुकानात तो नुसता बघून यायचे. घेतला त्या दिवशी मात्र मला ना तार कापायची होती ना साखळी.

आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. हळद काढून शिजवायची घाई चालली होती, घरात कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्या गडबडीत हौदापाशी म्हशीनं आत्याबाईंच्या उजव्या पायावर पाय दिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही. तेलात हळद कढवून घोट्यापासून बोटांपर्यंत जाड लेप थापला, वरून फडकं गुंडाळलं आणि चुलीपुढे बसून राहिल्या. हळदवाल्याच्या घरात दुसरं औषध कोण विचारतं? मीही विचारलं नाही. उलट रोज नवा लेप मीच कढवून दिला.

दोन दिवसांनी त्यांना ताप भरला, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आम्ही त्यांना वसमतला एका खाजगी दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं कोमट पाण्यानं लेप धुतला आणि खालचा पाय दिसला. सुजून टम्म झालेला, आणि बोटं काळीनिळी. त्या पिवळ्या लेपाखाली पायाचा रंग बदलत होता आणि आम्ही त्यावर आणखी पिवळं थापत होतो.

घोट्याच्या वर चांदीचं कडं होतं. भरीव, माझ्या करंगळीएवढं जाड. लग्नात सोनारानं पायात घालून त्याची दोन्ही तोंडं ठोकून जुळवलेली, ती आता पुढच्या बाजूला सुजेत बुडाली होती. डॉक्टरांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं. नखाखाली लाली परत यायला हवी होती, ती आली नाही. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय ते मी नंतर बघतो, पण या कड्यानं रक्त अडवलंय. ते लगेच निघालं नाही तर नांदेडला न्यावं लागेल, आणि तिथं पोचेपर्यंत कड्याऐवजी बोटं कापायची वेळ येईल.

त्यांच्याकडे अंगठी कापायचं हत्यार होतं, ते कड्यापुढे चालेना. करवतीचं पातं लावून पाहिलं, तर प्रत्येक हेलकाव्याला मोडलेलं हाड हलायचं आणि आत्याबाई दातांनी पदर चावायच्या. पातं थांबलं तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. कडं कापायचं नाही म्हणाल्या.

आमच्याकडे ते कडं नवरा गेल्यावरच पायातून उतरतं. उतरवतात म्हणजे काय, तेव्हाही फोडूनच काढतात. सासरे भिंतीला टेकून उभे होते, धडधाकट, आणि त्या त्यांच्याकडे न बघता मला सांगत होत्या, "त्याहीच्या जिवाला काई झालं म्हंजी? पाय घेऊन काय करू मी?"

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. चाळीस एकर जमिनीचा कारभार बघणारी बाई चांदीच्या तुकड्यासाठी पाय घालवायला निघाली होती. पण वाद घालायला वेळ नव्हता. नकार त्यांचा, तयारी माझी, असं मनाशी म्हटलं. डॉक्टरांनी जीभ दाबून घसा बघायची स्टीलची पट्टी टाचेच्या वरच्या शिरेशेजारी कड्याखाली सरकवली. तिथं थोडी खोलगट जागा होती, पट्टी कशीबशी गेली. आणखी बोटभर सूज चढली असती तर तीही गेली नसती. मी पट्टी मागून घेतली आणि नवऱ्याला घेऊन हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाले. चालत नव्हे, पळतच.

दुकानदारानं हातभर लांबीचा कटर काउंटरवर ठेवला. बांधकामवाले सळईला वापरतात तो, एका झटक्यात तुकडा. नवऱ्यानं लगेच उचलला. आमच्या ह्यांचं सगळं पी हळद अन् हो गोरी. मी त्याच्या जबड्याशेजारी पट्टी धरली. जबड्याचं टोक अंगठ्याएवढं जाड होतं, ते कातडी आणि कड्याच्या मधे जाणार कुठून? नवरा म्हणाला, जोर असला की जातंय. मी म्हटलं, जोर लोखंडावर लावायचा, आईच्या पायावर नाही. त्यावर ते पायानं फरशी ठोकत राहिले.

मग दुकानदारानं अगदी वीतभराचा काढला. टोकं छान पातळ होती. मी दांडे पूर्ण उघडले आणि जबड्यात करंगळी घालून पाहिली. दुकानदार दचकून माझा हात ओढायला आला. करंगळी अर्ध्यावर अडली. म्हणजे कडंही अडणार. मधला आहे का विचारलं, तर नाही म्हणाला. कित्येकदा आतल्या फळीवर मी तो बघितला होता, म्हणून त्याचं न ऐकता आत शिरले. गिऱ्हाईक काउंटरच्या आत आलेलं कुणाला आवडतं? पण त्यानं अडवलं नाही, बहुधा माझं तोंड बघून.

कुलपांच्या खोक्यांमागे तो सापडला, दीड वितीचा, धुळीनं माखलेला. करंगळी आत गेली, दोन्ही बाजूंनी पोलादाला टेकली. टोकं निमुळती, पट्टीच्या जोडीला ठेवली तर तिच्याहून थोडीच जाड. जबडे मिटवून उजेडाकडे धरले, तर मधून उजेड दिसला नाही. सांध्याचा नटबोल्ट हलवला, ढिला नव्हता. नवरा दारातून ओरडत होता की तिकडे पाय चाललाय आणि तू इथं स्थळ बघितल्यागत बघून राहिलीस. माझ्या डोक्यात तिडीक गेली, तरी मी दुकानातल्या जाड तारेचा एक तुकडा कापून बघितलाच. तार तुटली, पण दांडे दाबताना दंड भरून आले. छोट्या दांड्याला जोर जास्त लागतो, तिथं इलाज नव्हता. दवाखान्यात जाऊन परत दुकानात यायला वेळ उरला नव्हता. जे निवडेन तेच चालायला हवं होतं. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

दवाखान्यात आलो तर आत्याबाईंनी दोन्ही हातांनी कडं झाकून धरलेलं. डॉक्टर समजावून थकले होते. मी कटर दाखवला, पट्टी दाखवली, कातडीला धक्का लागणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान फिरवली. कातडीची भीती त्यांना नव्हतीच.

मग सासरे भिंतीपासून पुढे आले. खाटेजवळ खाली बसले. असं ते बायकोच्या पायाशी बसलेले मी कधी बघितलं नव्हतं, गावात कुणीच बघितलं नसेल. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"दे इकडं. माझ्या नावानं घातलं होतं, मीच काढतो. मंग तर काई न्हाई ना?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात उचलले. होकार म्हणून तेवढंच.

कटर त्यांच्या हातात दिला, पण त्यांना तो धरता येईना. मी टाचेमागून पट्टी आत सरकवली आणि तिच्यावरून खालचा जबडा ढकलला. तो अडला. तिरका करून पुन्हा ढकलला, तेव्हा गेला. सासऱ्यांनी दांडे दाबले. चांदीत खाच पडली, कडं तुटलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, खाच तेवढीच राहिली. नवरा पुढे आला तर त्याला त्यांनी नजरेनंच मागे सारलं. आत्याबाईंनी दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नसता, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टर नखाकडे बघत होते आणि घाई करा म्हणत होते.

मी लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्या हाताला हात लागणं तर लांबच. ताट ठेवतानासुद्धा मी ते जमिनीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. त्या दिवशी पदर केव्हा खांद्यावर आला कळलं नाही. मी त्यांच्या मुठींवर माझ्या मुठी ठेवल्या आणि म्हटलं, "मामंजी, आता दोघं मिळून."

दाबलं. कडं मागून तुटलं. डॉक्टरांनी ते दोन्ही बाजूंना हलकेच फाकवलं तशी पुढची ठोकलेली तोंडंही सुटली, आणि दोन अर्धी खाटेवर पडली. पायावर कड्याचा खोल वळ उमटला होता. डॉक्टरांनी अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा नखाखाली किंचित लाली आली. नवरा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

डॉक्टर आत्याबाईंना म्हणाले, बघा, तुमचा पाय परत आला. त्यांनी पायाकडे बघितलं नाही. त्या खाटेवरून वाकल्या होत्या आणि खाली बसलेल्या सासऱ्यांच्या छातीवर त्यांनी तळहात ठेवला होता. सासरे म्हणाले, अगं, आहे मी. तरी त्यांनी हात काढला नाही. कंपाउंडरनं पायाला पट्ट्या गुंडाळून संपवल्या तरी तो हात तिथंच होता, श्वास वरखाली होतोय का ते बघत.