थर्मासचं मनोगत

मंगळवारी नववीच्या वर्गात मी एक निबंध कौतुकाने मोठ्याने वाचला... नसता वाचला तर बरं झालं असतं.

नायगावच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. वस्तूचं मनोगत लिहायला दिलं की दर वर्षी अर्धा वर्ग फाटकी छत्री होतो आणि उरलेला मोडका बाक. त्यामुळे यंदा सानिकाने (नाव बदललंय) थर्मास निवडला तेव्हा मी खूशच झाले. जूनमध्ये माझ्याकडे आलेली, मागच्या बाकावरची गप्प मुलगी.

आजारी आईसाठी रोज सकाळी पेज भरून परळच्या हॉस्पिटलात जाणारा तो थर्मास. छान जमलं होतं... पण शेवटी आई जाते आणि थर्मास माळ्यावर पडतो. मी सवयीने लाल पेनाने त्यावर काट मारली. 'शेवट आशादायी हवा. पुन्हा लिही.' परीक्षेत मार्क जातात ना, म्हणून.

चार दिवसांनी तिने फेअर करून आणलं. आता आई बरी होऊन घरी आली होती आणि थर्मासमध्ये चहा भरून सगळे राणीबागेत गेले होते. मी दहापैकी नऊ दिले आणि तेच वर्गात वाचलं.

वाचून झालं तरी कोणी टाळ्या वाजवेना. सानिका खाली मान घालून बसली होती आणि तिच्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. तीच हळूच म्हणाली, "बाई, तिची आई मे महिन्यात गेली."

सगळ्या वर्गाला माहीत होतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी तिची माफी मागितली, तर ती मलाच समजावायला लागली. "असू दे ना बाई, तुम्हाला कुठे माहिती होतं." मी म्हटलं, तुझा पहिला निबंध आण, मला तोच हवाय.

"तो नाहीये बाई. फेअर केल्यावर कच्चं पान फाडून टाकायचं असतं ना..."

हो. नियम माझाच.

फार वाईट वाटतंय. तेव्हापासून तो निबंध आठवायचा प्रयत्न करतेय... पेज अळणी झाली की आई काय म्हणायची, असं काहीतरी होतं त्यात. नाही आठवत. शेवट तेवढा शब्द न् शब्द पाठ आहे, कारण त्यावर मी काट मारली होती.