एकोणतीस सत्ते

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात त्र्यंबक हर्डीकर या माणसाला पन्नास वर्षांत एकदाही संवाद मिळाला नाही. नाटक बसलं की काका पहिल्या तालमीला हजर, आणि प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या दोरीला. एकदा द्वारपाल झाले, तेव्हा राजा स्वतःच दार उघडून आत आला. नोकरीत ते पंपांचे चांगले इंजिनिअर होते, पण पंपाला टाळ्या कोण वाजवतं? काका बोलायला लागले की माणसं बटाटेवड्यांच्या रांगेकडे वळत. मीही वळलेली आहे.

आणि गेल्या वर्षी या काकांना शिकागोच्या एका प्राध्यापिकेची ईमेल आली. तुमच्या पवित्र स्वरानं मला झपाटलं आहे, असं तिनं लिहिलं होतं.

"अस्मिता, आधी दार लाव," म्हणत काकांनी मला सगळं सांगून टाकलं. चौऱ्याहत्तर साली, विद्यार्थी असताना, त्यांनी एका सिनेमात पठण केलं होतं. सिनेमा म्हणजे, सरळच सांगते, ब्लू फिल्म. दिग्दर्शकाला मात्र ते मान्य नव्हतं; त्याला कलाकृती काढायची होती. म्हणून पहिली अकरा मिनिटं खिडकीचा पडदा हलतो. नुसता पडदा. मग एक जोडपं मृत्यूवर चर्चा करतं, सफरचंद अर्धं खाऊन ठेवतं, आणि मगच कपड्यांना हात घालतं. ज्या प्रसंगासाठी लोकांनी तिकीट काढलेलं, त्याला अध्यात्माची फोडणी हवी, म्हणून एक भारतीय मुलगा शोधण्यात आला. काहीतरी मंत्र म्हण, म्हणाले.

काकांना रामरक्षा पाठ होती. "पण तसल्या ठिकाणी रामरक्षा कशी म्हणू गं?" म्हणून त्यांनी रामरक्षेच्या चालीवर एकोणतीसचा पाढा म्हटला. सातावर अडकले. बारा सेकंद गप्प. आठवलं नाहीच, तेव्हा पुन्हा एकपासून सुरू केलं.

त्या बारा सेकंदांवर प्राध्यापिकेनं चौदा पानं लिहिली होती. समाधीचं मौन म्हणे!

आता तो सिनेमा धुऊनपुसून पुन्हा दाखवणार होते. मंत्राचा अर्थ लिहून द्या, या वेळी श्रेयनामावलीत तुमचं नाव घालतो, असं तिनं कळवलं होतं.

"खरं सांगून टाका ना काका."

"आणि नाव कॅन्सल केलं तर?"

पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमेना. मीच लॅपटॉप उघडला. 'एकोणतीस दुणे अठ्ठावन्न'चं मी 'हे रात्री, चंद्रानं तुझी वस्त्रं सैल केली' असं करून दिलं. वाईट नाही जमलं. पाप लागलं तर अर्धं माझं.

रविवारी दुपारी मी त्यांना शिकागोला घेऊन गेले. "डॉक्युमेंटरी आहे, बोअर होशील," असं काकांनी मालिनीकाकूंना बजावलं होतं, त्यामुळे त्या अर्थातच आल्या. मंडळाच्या रविवारच्या शाळेत काकूंनी तीस वर्षं पाढे घोटून घेतले आहेत. पडदा हलत असताना त्या म्हणाल्या, "धुवायला झालाय." कपडे उतरले तेव्हा त्यांनी चष्मा उतरवला. पाढा सुरू झाला तसा तो पुन्हा चढला. आजूबाजूला दीडशे विद्वान हनुवटीला हात लावून सबटायटल्समध्ये माझी कविता वाचत होते.

शेवटी नाव आलं. स्वर: त्र्यंबक हर्डीकर. काकांना स्टेजवर बोलावलं, माइक दिला, तो मंत्र प्रत्यक्ष ऐकवण्याची विनंती झाली. काकांनी डोळे मिटले. काय सुंदर आवाज लागला! एवढा आवाज आम्ही दोरी ओढायला ठेवला होता. "एकोणतीस सत्ते..." म्हणून ते थांबले. सभागृहात कुणी श्वास घेईना. प्राध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी.

"दोनशे तीन!" काकू ओरडल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शक्तीनं शिवाला दिलेलं उत्तर, असं प्राध्यापिकेनं जाहीर केलं. त्यावर आता वेगळा लेख येतोय.

परतताना गाडीत काका फणकारले, "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? पॉज होता तो!"

"पॉज कसला डोंबलाचा! तसल्या सिनेमात गेलात ते गेलात, पाढा तरी पाठ करून जायचा!"

काका हळूच म्हणाले, "मालू, पन्नास वर्षांत पहिल्यांदा माणसं माझ्यासाठी गप्प बसली होती गं."

मला ती वड्यांची रांग आठवली आणि लाज वाटली. मी रेडिओ बंद केला.

"म्हणा बरं परत," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. "एकपासून."

काका खाकरले. अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सगळं नीट गेलं. "एकोणतीस सत्ते..." ते थांबले. मी आरशात पाहिलं. काकू ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होत्या.