पेटीवरची भगवती

मांडवीच्या धक्क्यावर लागणाऱ्या निम्म्या पडावांची आणि मचव्यांची नावे महिपत शिवलकराच्या हातची होती. 'श्री भगवती प्रसन्न' ही अक्षरे तो अशी काढी की खाऱ्या पाण्याने रंग उडाला तरी वळण ओळखू यावे. पण अक्षर कोणाचे हे कोणी विचारीत नसे. पडाव नाखव्याचा, नाव देवीचे आणि रंग बाजारातला. मधला माणूस कोणाच्या लक्षात येत नव्हता. दुकानांच्या पाट्या, लग्नातल्या ट्रंकांवरची फुले, शिमग्याची सोंगे, सगळे त्याच्याकडे येई आणि सगळे असेच निनावी निघून जाई.

एकोणीसशे सत्तावीस सालच्या पौषात त्याच्या थोरल्या भावाने, दादूने, मुंबईहून निरोप पाठवला. दादू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्याने आपल्या खात्यात महिपतसाठी जागा बोलून ठेवली होती. मे महिन्यात मी रजेवर येईन आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने तुला घेऊन जाईन, असे त्याचे सांगणे. महिपतने नाही म्हटले नाही. नाही म्हणायला हाताशी काही हवे, ते नव्हते. तो फक्त घरात येऊन पत्नीला, दमयंतीला, म्हणाला की बोट बंद होईपर्यंत काही जमले तर बघू.

जमण्यासारखे काय होते, ते त्याला दमयंतीच्या ट्रंकेत सापडले. कापडाच्या ताग्यावर गिरणीवाले रंगीत तिकीट चिकटवीत. कुठे हत्ती, कुठे वेणी घालणारी बाई. अशी तिकिटे दमयंतीने लहानपणापासून जपून ट्रंकेच्या झाकणाला आतून डकवली होती. एक दिवस ती कपडे उन्हात घालत असताना महिपत झाकणापुढे उकिडवा बसला तो उठेचना.

"ह्या हत्तीचा लुगडा कुठे हाय?" त्याने विचारले.

"आयचा होता. कधीच विरला."

"आणि हत्ती हाय."

दमयंती त्याच्याकडे बघत राहिली. लुगडे विरले, आई गेली, तिकीट मात्र जागच्या जागी होते, आणि त्याखाली बारीक अक्षरात गिरणीचे नावही होते. रत्नागिरीहून दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांनी भरभरून बोटी मुंबईला जात. त्या प्रत्येक पेटीवर आपले एक चित्र आणि चित्राखाली आपले नाव गेले तर? मुंबईत कोणीतरी वाचील. कोणाला तरी मोठे चित्र हवे असेल.

त्याने शिवणीच्या लाकडावर एक ठसा कोरला: आंब्याच्या डहाळीवर बसलेला पोपट, आणि कोपऱ्यात 'महिपत, मांडवी, रत्नागिरी'. गावातल्या छापखान्यात त्याच्या काळ्या रेघा छापून घेतल्या. रंग भरायचे काम दमयंतीने अंगावर घेतले. जाड कागदात पोपटाएवढे भोक कापून ती त्यातून हिरवा रंग थापी, चोचीला तेवढे लाल बोट. चिकटवायची तांदळाच्या पिठाची खळही तीच करी.

पेट्या मिळाल्या यमुनाबाईंच्या. या मिऱ्याच्या वाटेवरच्या कलमांच्या मालकीण. नवऱ्यामागे बाग त्यांनी एकटीने राखली होती आणि त्यांच्या जिभेला बागेतल्या माकडांपेक्षा गडीमाणसे जास्त भीत. सगळी मांडवी त्यांना काकी म्हणे. पोपट बघून त्या म्हणाल्या की पोपट आंबे खातो, त्याला पेटीवर बसवणारा तूच पहिला. पण चिकटवू दिला.

पोपटांचे पुढे काय झाले ते दलालाच्या माणसाने परत येऊन सांगितले. बोटीतल्या झुरळांना तांदळाची खळ आवडली. मुंबईला पोचलेल्या बहुतेक पोपटांना शेपूट नव्हते, काहींना डोके नव्हते, आणि महिपतचे नाव तर एकाही पेटीवर शिल्लक नव्हते. छापखान्यातल्या बाइंडराने ऐकून कपाळाला हात लावला. खळीत मोरचूद टाकतात एवढे तरी विचारायचे होतेस, असे म्हणून त्याने चिमूटभर निळे खडे पुडीत बांधून दिले.

खळ सुधारली, पण काकींचा विश्वास उडाला होता. आता चिकटवायचेच असेल तर किल्ल्यावरची भगवती काढ, निदान तिच्या नावाने तरी माल धड जाईल, असे त्यांनी बजावले. महिपतने देवी कोरली. चैत्रभर पडाव रंगवताना समोर किल्ला असे, त्यामुळे ती त्याच्या हातात होतीच. दमयंतीने पातळाला कुंकवाचा लाल दिला. कागद झाला तेव्हा दोघे कितीतरी वेळ तो बघत बसली.

काकींनी चित्र लांब धरून पाहिले. आवडल्याचे त्यांच्या तोंडावर दिसले, म्हणून त्या लगेच म्हणाल्या, "देवीच्या पायाशी तुजा नाव कशाला रे? नवस बोललायस?"

"तसाच समजा, काकी."

या चित्राचा परिणाम मात्र दोघांच्याही ध्यानीमनी नव्हता. मांडवीला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माल पडावातून तिच्यापर्यंत न्यावा लागे. पेट्या चढवणाऱ्या हमालांचा मुकादम होता धोंडू, दांडगा आणि देवभोळा. एरवी हमाल पेट्यांवर बसत, विडी ओढत, पेटीवर पाय देऊन पलीकडे जात. भगवती दिसल्यावर धोंडूने पाय मागे घेतला. देवीवर पाय द्यायचा नाही, तिच्यावर बसायचे नाही आणि तिच्या डोक्यावर दुसरी पेटी ठेवायची नाही. पडावात काकींच्या पेट्या सगळ्यांच्या वर गेल्या. बोटीवरचे खलाशीही याच किनाऱ्याचे, तिथेही त्या वरच राहिल्या. खालच्या पेट्यांतले आंबे दबून, उबून पोचले. काकींचा प्रत्येक आंबा जसा पेंढ्यात निजवला तसा निघाला.

ही बातमी लपून राहती तर ती रत्नागिरी कसली. आठवडाभरात बागवाले महिपतच्या अंगणात येऊन बसू लागले. प्रत्येकाला भगवती हवी होती. दमयंतीची बोटे लाल झाली ती धुऊनही जाईनात. महिपत भरल्या मनाने ठसे मारीत होता. अशाच गेल्या तर मुंबईत घरोघर आपले नाव पोचेल आणि दादू येईल तेव्हा त्याला सांगण्यासारखे काही असेल, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. दुसरा एक साधा विचार त्याला सुचला नाही, आणि अंगणात बसलेल्या शहाण्यासुरत्या बागवाल्यांपैकीही कोणाला सुचला नाही.

तो सुचला धोंडूला, भर धक्क्यावर. बोट समोर उभी, पडाव लागलेला, आणि जिकडे बघावे तिकडे पेट्यांवर भगवती. धोंडूने एक पेटी उचलली, पडावात ठेवली, आणि दुसरी उचलून तो तसाच उभा राहिला.

"ही कुठे ठेवू?" त्याने विचारले.

सगळ्याच पेट्या वर ठेवायच्या तर खाली कोण जाणार? एक बागवाला म्हणाला की माझी नको. दुसरा म्हणाला की मग माझी का. पेट्या एकेरी पसरून न्याव्यात एवढे पडाव नव्हते. बोटीने भोंगा दिला. फळ पिकायला लागले होते, उन्हात पेंढ्याचा वास सुटला होता. महिपतला बोलावणे गेले. तो हातात ओले फडके घेऊनच आला आणि म्हणाला की मी चित्रे काढून टाकतो. धोंडूने फडके हिसकावून घेतले. देवी म्हणजे काय पाटीवरचा हिशेब आहे पुसायला, असे तो म्हणाला. मागून कोणीतरी हळूच म्हणाले की हा रंगारी बोट चुकवणार सगळ्यांची. महिपत मान खाली घालून उभा राहिला. ज्या धक्क्याने आजवर त्याचे नाव विचारले नव्हते, तिथे आता प्रत्येकाच्या तोंडी तेच होते.

वाट काढली काकींनी. पदर खोचून त्या पुढे आल्या.

"धोंडू, गाऱ्हाणा घाल. देवीचा मान हाय ना, मग देवीलाच विचार. आणि माझी पेटी सगळ्यांत खाली ठेव. देवी मीच मागून घेतली होती."

गाऱ्हाणे म्हणजे देवाशी मोठ्याने, चारचौघांसमक्ष केलेले बोलणे. धोंडूने नारळ घेतला, किल्ल्याकडे तोंड केले आणि सुरू केले.

"हे आई भगवती, आज ह्या धक्क्यावर तुजी लेकरां उभी हायत. चूक झाली ती पदरात घे. पेटी खाली गेली तरी तुजा मान वरच रव्हू दे."

"व्हय म्हाराजा," हमाल म्हणाले.

"बागवाल्यांचा फळ मुंबईस सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या महिपतला जरा अक्कल दे."

"व्हय म्हाराजा," आणि हे मघापेक्षा बरेच मोठ्याने आले. बागवालेही त्यात सामील झाले. यमुनाकाकी तर सगळ्यांत पुढे.

नारळ फुटला, पेट्या गेल्या. महिपतने देवीसमोर शब्द दिला की पुन्हा पेटीवर देव काढणार नाही. घरी येऊन त्याने भगवतीचा ठसा धुतला, हळदकुंकू वाहिले आणि देव्हाऱ्याखाली ठेवला. उरला पोपट, आणि पोपटाला आता कोणी पेटी देईना.

मग दादू आला. मुंबईचे साबण, भावजयीला पातळ, आणि बोलणे नेहमीपेक्षा कमी. जागा तयार आहे, गिरणीतल्या मुकादमाला मी शब्द दिला आहे, एवढेच त्याने सांगितले. महिपतनेही वाद घातला नाही. त्याने ब्रश घासलेटात धुऊन फडक्यात बांधले. ते गाठोडे बघून दमयंती विहिरीवर गेली आणि बराच वेळ आली नाही.

निघायच्या आठवड्यात तिने दिराचे धुतलेले सदरे त्याच्या ट्रंकेत ठेवायला झाकण उघडले. झाकणाला आतून भगवती चिकटवलेली होती. पातळाचा लाल तिचा स्वतःचा होता. तिने महिपतला हाक मारली, आणि मागोमाग दादूही येऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"ही कुठे मिळाली, भावोजी?"

दादू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मग सांगू लागला. त्याच्या चाळीतला राजापूरचा एक गडी फळबाजारात ओझी वाही. पेटीची फळी त्याने चुलीत घालायला आणली. बायकोने जाळू दिली नाही. तिने पाणी लावून कागद सोडवला आणि देव्हाऱ्यात लावला. मग शेजारणींना हवासा झाला. गड्याने आणखी फळ्या आणल्या. खालचे नाव वाचून लोक दादूला विचारू लागले की तुमच्या मांडवीचा हा महिपत कोण. पालीच्या एकाला आपला गावदेव लक्ष्मीपल्लीनाथ हवा आहे, मोठा, काचेत घालण्याजोगा. अंजनवेलच्या एका म्हातारीला देव नको, तिला आपली खाडी हवी आहे, गोपाळगडासकट.

"आणि हे तू आज सांगतोयस?" महिपत म्हणाला.

"मुकादमाला शब्द दिला होता." दादू थांबला. पुढचे त्याने भिंतीकडे बघत सांगितले. "आणि एकटाच असतंय रे मी तिथं. तू आलास तर बरा वाटला असता."

महिपतने भावाचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मुकादमाची समजूत कशी घालायची ते दादूने आपण होऊन अंगावर घेतले. दमयंतीने गाठोडे सोडले आणि ब्रश परत मडक्यात उभे केले.

उरलेल्या दिवसांत जेवढी झाली तेवढी चित्रे महिपतने गुंडाळून मेणकापडात बांधली. वर खुणेसाठी पोपट चिकटवला, मोरचूद घातलेल्या खळीने, शेपटासकट. पुढे आयुष्यभर तो प्रत्येक चित्राच्या पाठीला, रंगवलेल्या प्रत्येक ट्रंकेच्या तळाला हा पोपट लावीत असे. चाळींतून गावी येणारी माणसे बंदरावर उतरून पोपटवाल्या महिपतचे घर विचारीत, आणि आता ते धक्क्यावर कोणीही दाखवी.

पण दादू निघाला त्या दिवशी धोंडूने पोपट बघून गुंडाळी खुशाल दोन ट्रंकांच्या मध्ये सारली.

"धोंडूदादा, आत पल्लीनाथ हाय," दादू म्हणाला.

धोंडूने महिपतकडे एकदा नीट बघून घेतले. मग गुंडाळी काढून तिला नमस्कार केला आणि पडावात वर कुठे जागा आहे का ते शोधू लागला. शेवटची बोट, ट्रंका, फणस, माणसे, कुठे तीळ ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्याने ती दादूच्याच डोक्यावर ठेवली.

"धरून बस. हीच सगळ्यांत वरची जागा."

पडाव सुटला. दादू दोन्ही हातांनी डोक्यावरची गुंडाळी सावरत होता, त्यामुळे त्याला निरोपाचा हात काही हलवता आला नाही. धक्क्यावरून महिपतच त्याच्या वाटणीचाही हलवत राहिला.