वेल्डिंगच्या वर्गातला बारावा

ही माझी धाकटी बहीण. सरकारी तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवते. आमच्या सात पिढ्यांत लोखंडाला लोखंड जोडणारी हीच पहिली. तिला सायकल मी शिकवली, हेही सांगून ठेवतो.

शाळा एवढीशी. मुख्याध्यापकबाईच प्रवेशाचे अर्ज भरतात, बाईच घंटा वाजवतात. चार शिक्षकांच्या जागा रिकाम्या. वेल्डिंगला ही एकटी. वर्गात बारा जण: शिक्षण अर्ध्यावर सोडलेली पोरं, दोन विधवा, ऐकू न येणारा एक, कारखान्यातून काढलेले एक आजोबा. बाराचे अकरा झाले की वर्ग बंद, आणि हीही घरी.

त्यातली बारावी, शिंप्याची सून, तीन आठवडे फिरकलीच नव्हती. उद्या येईल, उद्या येईल म्हणत हिने रोज तिची हजेरी मांडली. आणि पत्र आलं: उद्या तपासणी.

संध्याकाळी ती हजेरीपट घेऊनच माझ्या घरी आली.

"दादा, खोटं सापडलं तर तोंड दाखवायला जागा नाही. खरं लिहिलं तर अकरा जणांचा वर्ग मीच बुडवला."

"एवढंच ना? मी बसतो बारावा."

"तुला बल्ब बदलताना घाम फुटतो!"

"वयाची अट आहे?"

"नाही. प्रवेशही वर्षभर उघडा असतो. पण एका दिवसाचं सोंग नको मला. आधीच एक खोटं गळ्याशी आलंय."

सातवीनंतर मी शाळेची पायरी चढलो नव्हतो. तरी म्हटलं, "शेवटपर्यंत येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझा अर्ज भरला. हिने तीन आठवड्यांच्या खोट्या हजेरीवर लाल रेघ मारून खाली सही केली. तपासणीला आलेले साहेब त्या रेघेवरच थांबले.

"हे काय?"

"माझी चूक, साहेब. मीच मांडली, मीच खोडली."

"शेरा बसेल तुमच्यावर."

"बसू दे."

मग ते बोटाने मोजत निघाले. नऊ, दहा, अकरा... बोट माझ्यापाशी आलं. चारचौघांत छाती काढून बोलणारा मी, पण बाकावर अंग चोरून बसलो.

"बारा," साहेब म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे वळले.

"काय गं, जमवलं ना तुझ्या दादाने?"

काळ्या काचेचा मुखवटा तिने माझ्या हातात दिला.

"वर्गात मॅडम म्हणायचं."