कमळं मशीनची, सांधे हातचे

मुरूम गावातल्या आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये मी कॉम्प्युटरवर चालणारं कोरीव कामाचं मशीन आणलं, तेव्हा सासऱ्यांनी कुरकुर केली नाही. फक्त त्याच्याकडं पाठ करून बसायला लागले.

पहिलं मोठं काम आलं ते उमरग्याच्या वाटेवरच्या एका गावातल्या बुद्धविहाराचं. दारापुढं सागवानी मंडप उभा करायचा होता. खांबांवरची कमळं मी कॉम्प्युटरवर काढून मशीननं कोरायची, असं ठरलं. सांधे सासऱ्यांकडं, कारण लाकूड जुनं, जरा पिळलेलं, आणि मशीनला सगळं सरळ लागतं. त्यांनी पटाशीनं खांबांची टोकं घडवून तुळईच्या भोकांत अशी बसवली, की फट शोधून सापडू नये.

मंडप उभा राहिला तसे विहार समितीचे अध्यक्ष बघायला आले. रिटायर गुरुजी. जयभीम झाला. चष्मा पुसून ते कमळावरून हात फिरवत राहिले.

"ह्याला म्हणायची हाताची कला! मशीनला जमायचं न्हाय हे."

मी तोंड उघडणार, तोवर त्यांची नजर वर सांध्याकडं गेली. "हे मात्र मशीनचं. माणसाच्या हातून इतकं बेमालूम हुतंय व्हय?"

सासऱ्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता भडकतात. पण ते म्हणाले, "व्हय गुरुजी. सूनबाईचं मशीन लई बारीक चालतंय."

परतताना टेम्पोत मी विचारलं, "मामा, खरं का न्हाय सांगितलं?"

"काय सांगू? तुझ्या मशीननं कमळाची एक पाकळी खाल्लीय. म्हणून त्यास्नी ते हातचं वाटलं."

मला राग आला, कारण पाकळी खरंच खाल्ली होती.

उद्घाटनाला कमळांबद्दल सासऱ्यांना शाल मिळाली आणि सांध्यांबद्दल मला. दोघांनी मान खाली घालून शाली घेतल्या. लोकांना तो विनय वाटला.

मग परंड्याहून एकजण "हातची कमळं" मागायला आला. मी मशीनवर कोरली. सासरे उठून आले, एक कमळ निरखून बघितलं आणि पटाशीनं त्याची कड मुद्दाम जराशी वाकडी केली.

"आता दे," म्हणाले.

गिऱ्हाईक खूश झालं. सांध्यांचं काम मात्र अजून मशीनचं नाव ऐकूनच येतं, आणि ते पुरं करायला सासरे दिवसभर घाम गाळतात.